बाबांचा ठोका ४८ आला आहे: हे वयाचं की आजाराचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बाबांचं वय ७६, कराडजवळच्या गावात राहतात, अजूनही रोज शेतावर जातात. दोन महिन्यांत दोनदा चक्कर आली. पहिल्यांदा गोठ्यात उकिडवे बसले होते, उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि खांबाला धरून सावरले. दुसऱ्यांदा जेवताना बसल्या जागी मान कलली, हातातला घास पडला आणि चार-पाच सेकंदांत परत शुद्धीवर आले, काय झालं ते त्यांना आठवत नाही. ईसीजीत ठोका मिनिटाला ४८, पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत वीज पोचायला लागणारा वेळ) २३० मिलिसेकंद, ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ आणि ‘लेफ्ट अ‍ॅक्सिस’ असं लिहून आलं. एक डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं, काळजी नको. दुसरे म्हणाले, लगेच पेसमेकर, म्हणजे ठोका चालू ठेवणारं मशीन, बसवा. औषधांत रक्तदाबाची मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅम्लोडिपिन, आणि शेवटी तुम्ही सहज लिहिलंत, ‘काचबिंदूचे थेंबही चालू आहेत, टिमोलॉल’.

आधी घाईचं सांगतो. दुसऱ्या वेळी जे घडलं ते मला साधी चक्कर वाटत नाही. बसलेला माणूस, काही पूर्वसूचना नाही, क्षणात शुद्ध हरपते आणि क्षणात परत येते, आणि ईसीजीत हृदयाची वीज वाहून नेणाऱ्या तारेचा दोष आधीच दिसतोय. अशा माणसाला ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ म्हणू नये. उद्या-परवा, जिथे हृदयाचा मॉनिटर सतत चालू ठेवता येतो अशा ठिकाणी दाखल करा. तोवर बाबांनी मोटारसायकल चालवायची नाही, विहिरीच्या काठावर किंवा झाडावर जायचं नाही, एकट्यानं रानात जायचं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: वय वाढलं की हृदयाची वीज कमी होते का? होते. पण लोकांना वाटतं तशी नाही.

हृदयाचा ठोका जिथे जन्मतो ती जागा म्हणजे सायनस नोड. उजव्या कप्प्याच्या वरच्या टोकाला, वरून येणारी मोठी नीला जिथे मिळते तिथे ही पेशींची छोटीशी पट्टी असते. आर्थर कीथ आणि त्यांच्याकडे शिकणारा मार्टिन फ्लॅक या दोघांनी ती १९०७ मध्ये जगासमोर मांडली. फ्लॅकला ती पहिल्यांदा दिसली ती मोल नावाच्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयात. त्याच्या आदल्याच वर्षी जपानचे सुनाओ तावारा यांनी जर्मनीत बसून वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या एव्ही नोडचं वर्णन केलं होतं. म्हणजे वीज कुठून निघते आणि कुठून जाते, हे आपल्याला कळून जेमतेम सव्वाशे वर्षं होत आली.

या सायनस नोडमधल्या ठोका निर्माण करणाऱ्या पेशी साठीनंतर झपाट्यानं घटतात आणि त्यांची जागा तंतू आणि चरबी घेते. पंचाहत्तरीपर्यंत तरुणपणीच्या पेशींपैकी दहाव्या हिश्श्याइतक्याच उरतात, असं शवविच्छेदनांवरून मानलं जातं. आकडा ऐकून छाती दडपते. पण मग पंचाहत्तरीच्या सगळ्या माणसांचा ठोका तीसवर का येत नाही? बसल्या जागी मोजला तर निरोगी म्हाताऱ्याचा आणि तरुणाचा ठोका जवळपास सारखाच का येतो?

याचं उत्तर मला नेहमी फार मोलाचं वाटतं, कारण बाबांचं सगळं प्रकरण त्यातच आहे. हृदयावर दोन नसांचा ताबा असतो. एक ठोका वाढवणारी, एक लगाम खेचणारी. तरुणपणी निवांत बसल्यावर लगाम जोरात खेचलेला असतो. औषधं देऊन दोन्ही नसांचा प्रभाव काढून टाकला तर सायनस नोडचा स्वतःचा, नैसर्गिक वेग कळतो. हा प्रयोग १९६० च्या दशकात झाला आणि त्यातून एक साधं सूत्र मिळालं: ११८ मधून वयाच्या ०.५७ पट वजा करा. विशीत तो वेग मिनिटाला १०७ च्या आसपास येतो. बाबांच्या वयाला ७५. म्हणजे मूळ झरा आटत चाललेला असतो, पण त्याच वेळी लगामही सैल होत जातो, म्हणून बसलेल्या माणसाच्या नाडीत फरक दिसत नाही.

फरक दिसतो तो पळवल्यावर. २२० वजा वय हे कमाल ठोक्याचं ढोबळ सूत्र बऱ्याच जणांना माहीत असतं. ज्येष्ठांसाठी ते जरा कमी आकडा देतं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे जास्त जवळचं. कोणतंही घ्या, दर दहा वर्षांना कमाल ठोका सात ते दहानं उतरतो. रक्तातल्या अ‍ॅड्रिनलिनची हाक हृदयाच्या पेशींना पूर्वीसारखी ऐकू येत नाही. जिना चढताना आजोबांना धाप लागते त्याचं हे एक कारण.

तेव्हा वय रोजचा ठोका खात नाही, गंगाजळी खाते. घरात रोजचा खर्च नीट चाललेला असतो, कुणाला काही जाणवत नाही. मग एक छोटा धक्का बसतो आणि शिल्लकच नसल्यामुळे घर कोलमडतं. हृदयाच्या बाबतीत हा धक्का म्हणजे जुलाब-उलट्यांनी झालेला शोष, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, मंदावलेलं थायरॉइड, किंवा एखादं नवीन औषध. बाबांच्या बाबतीत मला असे दोन धक्के कागदावरच दिसतात.

मेटोप्रोलॉल हे ठोका मंद करणारं औषध, ते सगळ्यांना ठाऊक असतं. टिमोलॉल मात्र डोळ्यात घालायचं म्हणून कुणी औषधांत धरत नाही. ते त्याच जातीचं औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथल्या ओलसर अस्तरातून सरळ रक्तात जातो. गोळी गिळली तर यकृत तिचा बराच भाग आधीच निकामी करतं, थेंबाला ती चाळणी लागत नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांची हृदयाची औषधं तीन डॉक्टरांनी तपासली आणि थेंबांबद्दल एकानंही विचारलं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका निवृत्त शिक्षिकेला विचारायचं विसरलो होतो. तिचा ठोका ३८ होता. पेसमेकरची तारीख ठरली होती. आदल्या संध्याकाळी तिच्या सुनेनं नर्सला विचारलं, ‘थेंब उद्या सकाळी घालायचे की नाही?’ तेव्हा मला कळलं. नेत्रतज्ज्ञांशी बोलून थेंब बदलले, चौथ्या दिवशी ठोका ६२ झाला, त्या पेसमेकरशिवाय घरी गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला पिशवी उलटी करायला सांगतो. थेंब, पंप, मलम, काढे, सगळं टेबलावर.

काढे म्हणालो ते उगाच नाही. गावाकडे गुडघ्यांसाठी, साखरेसाठी कुणी झाडपाला देतं. कण्हेर आणि बिट्टी या दोन्ही झाडांत हृदयाचा ठोका अडवणारी द्रव्यं असतात. फवारणीच्या काही कीटकनाशकांनीही नाडी मंदावते. बाबा स्वतः फवारतात का, आणि त्या दोन दिवसांच्या आसपास फवारलं होतं का, हे विचारून घ्या. स्मृतिभ्रंशासाठी देतात ते डोनेपेझिल आणि जुनं डिगॉक्सिन याही गोळ्या ठोका मंदावतात.

म्हणजे थेंब बदलले, मेटोप्रोलॉल थांबवलं की झालं? नाही. इथेच त्या दोन डॉक्टरांपैकी एकाचं म्हणणं घाईचं आणि दुसऱ्याचं ढिलाईचं का वाटतं ते सांगतो.

बाबा शेतकरी आहेत, त्यांना हे पाटाच्या उदाहरणानं लगेच कळेल. सायनस नोड म्हणजे धरण. तिथून सुटलेलं पाणी मधल्या एका दरवाजापाशी क्षणभर थांबतं, तो एव्ही नोड. हा थांबा मुद्दाम असतो, सेकंदाच्या दहाव्या भागाचा, म्हणजे वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओतू शकतात. दरवाजातून पुढे मुख्य कालवा, त्याला हिसचा बंडल म्हणतात, आणि मग चाऱ्या: एक उजवी, एक डावी, डावीच्या पुन्हा दोन फांद्या. खालचे मोठे कप्पे भिजतात ते या चाऱ्यांवर.

वयानुसार दरवाजा जरा जड होतो. पीआर अंतर थोडं लांबतं. २०० पर्यंत सर्वसाधारण, बाबांचं २३०. एकटं एवढंच असतं तर मी त्याच्याकडे फारसं बघितलंही नसतं. मेटोप्रोलॉल आणि टिमोलॉल दोन्ही नेमकी धरणावर आणि दरवाजावर काम करतात, त्यामुळे ४८ चा ठोका आणि २३० चं अंतर या दोन्हींचा दोष औषधांवर जाऊ शकतो.

पण राइट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणजे उजवी चारी बंद आहे, आणि लेफ्ट अ‍ॅक्सिसचा अर्थ बहुतेक डाव्या चारीची पुढची फांदीही बंद आहे. हे या औषधांनी होत नाही. हिसचा बंडल हृदयाच्या झडपांमधल्या घट्ट तंतुमय भागातून जातो. तिथे वयानुसार तंतू वाढतात, चुना साचतो. फ्रान्सचे लनेग्र आणि अमेरिकेचे लेव्ह या दोघांनी १९६४ मध्ये याची वेगवेगळी वर्णनं केली, आजही त्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो. तीन वाटांपैकी दोन बुजल्या असतील तर सगळं पाणी उरलेल्या एका फांदीवर चाललंय. ती फांदी काही सेकंद बंद पडली तर खाली पाणी जाणारच नाही. मेंदूला सात-आठ सेकंद रक्त मिळालं नाही की शुद्ध हरपते. ताटावरची ती मान कललेली घटना अशी असू शकते.

असू शकते म्हणतो, कारण त्या क्षणी ईसीजी चालू नव्हता. इथेच धीर धरून काम करावं लागतं. मंद ठोका हा आजार नाही, मंद ठोक्यामुळे होणारा त्रास हा आजार. आयुष्यभर कष्ट केलेल्या शरीराचा ठोका मुळातच पन्नासच्या घरात असू शकतो. झोपेत तर तरुण माणसाचाही ठोका चाळीसवर येतो, दोन-अडीच सेकंदांचे खंडही पडतात, घोरणाऱ्यांना जास्तच. सायनस नोड मंद झालाय एवढ्यावरून पेसमेकर बसवत नाहीत. त्रास आणि मंद ठोका यांची सांगड दिसावी लागते. खालच्या वाटांचा पूर्ण ब्लॉक असेल, किंवा मधूनच अचानक ठोका गळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे माणसाला काही त्रास नसला तरी पेसमेकर लागतो, कारण पुढचा खंड किती लांबेल याचा भरवसा नसतो.

म्हणून दाखल केल्यावर क्रम माझ्या मते असा राहावा. पहिल्या दिवशी पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड, इको (हृदयाची सोनोग्राफी). इकोत हृदयाच्या भिंती जाड दिसल्या, आणि बाबांच्या दोन्ही मनगटांना मुंग्या येण्याचा किंवा त्याच्या ऑपरेशनचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. उतारवयात पुरुषांच्या हृदयात अ‍ॅमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं, ते तारांमध्येही शिरतं, आणि मनगटाची तक्रार कित्येकदा त्याच्या काही वर्षं आधी येते. मेटोप्रोलॉल घरी परस्पर बंद करू नका, ते एकदम थांबवलं तर रक्तदाब आणि छातीत दुखणं उसळू शकतं. डॉक्टरांच्या नजरेखाली ते आणि थेंब बदलले जातील. दोन-तीन दिवस मॉनिटर. या काळात खालचा ब्लॉक दिसला तर प्रश्न मिटला, पेसमेकर बसवा.

काहीच दिसलं नाही तर? २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी, लावून ‘नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवतात, तिथे मला खंत वाटते. दोन महिन्यांत एकदा घडणारी गोष्ट नेमकी त्या एका दिवशी घडेल ही अपेक्षाच चुकीची. मग दोन मार्ग. एक, मांडीतून तार नेऊन हिसच्या बंडलपासून खालपर्यंत वीज जायला किती वेळ लागतो ते मोजायचं, फार वेळ लागत असेल तर पेसमेकर. दुसरा, छातीच्या त्वचेखाली बोटापेक्षा लहान रेकॉर्डर बसवायचा, तो महिनोन् महिने लक्ष ठेवतो. बाबांच्या बाबतीत, दोन वाटा बंद असताना आणि शुद्ध हरपलेली असताना, मी पहिल्या मार्गाकडे झुकेन. शेतात एकटे असताना दुसरी घटना पकडायची वाट बघणं मला पटत नाही. आणखी एक अनुभव: औषधं थांबवल्यावर सुधारलेली माणसं काही महिन्यांनी पुन्हा ब्लॉक घेऊन येतात, कारण औषधानं उघडं पाडलेला दोष आत होताच. त्या शिक्षिकाबाईंच्या चाऱ्या स्वच्छ होत्या, म्हणून त्या सुटल्या. बाबांच्या तशा नाहीत.

गोठ्यातली पहिली चक्कर मात्र वेगळी असावी. उकिडवं बसून उठलं की रक्त पायात उतरतं, तरुणपणी नसा लगेच आवळून रक्तदाब सावरतात, वयानुसार ही चपळाई कमी होते, आणि अ‍ॅम्लोडिपिन नसा आणखी सैल ठेवतं. झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांनी रक्तदाब मोजला की कळेल. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर उत्तर मिळालं. पेसमेकर बसवूनही ही चक्कर जाणार नाही, आणि मग घरातले म्हणतात की मशीन बसवून उपयोग काय झाला. हे आधीच समजून घेतलेलं बरं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण या वयात तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. वय वाढताना वीज जशी मंदावते तशी भरकटतेही. वरच्या कप्प्यांच्या स्नायूंत तंतू वाढतात, कप्पे पसरतात, आणि वीज सरळ रेषेत न जाता गरगर फिरू लागते. हे एट्रियल फिब्रिलेशन. पंचावन्नच्या आत ते क्वचित, ऐंशी ओलांडलेल्या दहांपैकी जवळपास एकाला. यात नाडी पूर्णपणे बेताल होते. कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे जाते, आणि पक्षाघाताचा धोका जवळपास पाच पट होतो. पंचाहत्तरीनंतर हे सापडलं तर इतर काही नसलं तरी रक्त पातळ ठेवण्याचं खरं औषध लागतं, अ‍ॅस्पिरिनवर भागत नाही. बऱ्याच ज्येष्ठांत कधी ठोका १४० ला धावतो आणि थांबताना चार-पाच सेकंद काहीच होत नाही, तेव्हा चक्कर येते. अशा माणसाचं पळणं रोखायला औषध द्यावं तर मंदपणा वाढतो, म्हणून आधी पेसमेकर, मग औषध, असा क्रम लागतो. मॉनिटरवर हेही बघायला सांगा.

घरी नाडी कशी बघायची तेही शिकून घ्या. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं, घड्याळ समोर, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. बोटाला लावायच्या मशीनवर ३६ दिसलं म्हणून घाबरू नका आणि ७० दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका. दर दुसरा ठोका आधीच पडत असेल तर तो मनगटापर्यंत पोचत नाही, मशीन निम्मेच मोजतं, ईसीजीत मात्र ७२ येतात.

पेसमेकरची वेळ आलीच तर बाबांना भीती वाटेल, कष्टाचा माणूस मशीनवर जगायचं म्हटलं की खचतो. त्यांना आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर त्यांना मिळाला. दिवसातून कित्येकदा ते बेशुद्ध पडत होते. ते पहिलं मशीन काही तासांतच बंद पडलं. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले, आणि ते २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले, गेले ते कर्करोगानं. आताचं मशीन काडेपेटीपेक्षा लहान, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं. काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. नंतर शेतात जाता येतं. विहिरीवरची मोटर चालू करायला हरकत नाही, छाती तिला टेकवू नये इतकंच. वेल्डिंगच्या जागेपासून लांब राहावं. मोबाइल त्या बाजूच्या खिशात नको.

तुमच्याकडून एक मदत हवी, ती कोणत्याही तपासणीइतकी महत्त्वाची आहे. बाबांचा जुना ईसीजी शोधा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी बहुतेक सगळ्यांचा काढलेला असतो, कपाटातल्या फाइलीत कुठेतरी सापडेल. पाच वर्षांपूर्वीही ठोका ५० होता आणि चारी तेव्हाही बंद होती, की हे सगळं नवीन आहे, यावर उद्याच्या डॉक्टरांचा निर्णय बराच अवलंबून राहील. जेवताना कोण समोर होतं, त्यांना घेऊन जा, चेहरा आधी पांढरा पडला का, शुद्धीवर आल्यावर लाल झाला का, हे त्यांनाच सांगता येईल. आणि थेंबांची बाटली पिशवीत टाका.